घानाचा कोको, पोलंडचे धान्य आणि आपला ऊस : इमॅन्युएल वॉलरस्टीन यांनी जग कसे पाहिले

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस लावणाऱ्या माणसाला ब्राझीलचे राजकारण ठाऊक नसेल, पण ब्राझीलचा पाऊस ठाऊक असतो. तिकडे पीक जोमात आले की जगाच्या बाजारात साखर उतरते, इकडे निर्यातीचे गणित बिघडते, त्यातच दिल्लीने निर्यात रोखली की उरलेसुरले गणितही पुन्हा मांडावे लागते, आणि या सगळ्याचा शेवट शिरोळच्या किंवा करवीरच्या शेतकऱ्याला एफआरपीवर (म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरावर) चार पैसे जास्त मिळणार की नाही, या वादात होतो. गुळाचेही तसेच आहे. मार्केट यार्डात सौद्याला गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लागते, रंग पाहिला जातो, कणी पाहिली जाते, पण दर पुष्कळसा ठरतो तो गुजरातच्या मागणीवर. गुऱ्हाळावर काहिलीपाशी रात्र काढणाऱ्या गुळव्याच्या हातात गुळाची प्रत असते, दर नसतो.

आपल्या शिवारातल्या मालाची किंमत आपल्या शिवारात का ठरत नाही, हा प्रश्न आपण सहसा व्यापाऱ्याच्या किंवा सरकारच्या नावाने बोटे मोडून संपवतो. इमॅन्युएल वॉलरस्टीन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हाच प्रश्न पाचशे वर्षांच्या आणि साऱ्या जगाच्या पटावर ठेवून पाहिला आणि त्यातच आयुष्य घालवले. त्यांचे लेखन वाचायला सोपे नाही. मुख्य ग्रंथाच्या पहिल्या खंडात तर कित्येक पानांवर तळटिपाच मजकुराला खाली ढकलत असतात. त्यामागची कल्पना मात्र कोल्हापूरच्या वाचकाला परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

वॉलरस्टीन यांचा जन्म २८ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. घरात राजकारणाची चर्चा असे. शाळकरी वयातच त्यांना ज्या परदेशी घडामोडीने ओढून घेतले ती युरोपातली नव्हती, तर भारताची स्वातंत्र्य चळवळ होती. कोलंबिया विद्यापीठातून ते १९५१ मध्ये पदवीधर झाले, मधली दोन वर्षे सैन्यात काढून परत तिथेच आले आणि १९५९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. (याच कोलंबियात त्याआधी चार दशके डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मराठी माणसाला कोलंबियाचे नाव घेतल्यावर ते आठवल्यावाचून राहत नाही.) पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तरुणांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांमधून त्यांची आफ्रिकी कार्यकर्त्यांशी ओळख झाली, आणि प्रबंधाचा विषय तिथेच ठरला : ब्रिटिशांच्या ताब्यातला गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, आणि शेजारचा फ्रेंचांच्या ताब्यातला आयव्हरी कोस्ट. या दोन वसाहतींतल्या लोकांनी उभारलेल्या संस्था-संघटनांनी राष्ट्रीय चळवळीला बळ कसे दिले, हे ते तपासत होते. पुढची दहाएक वर्षे ते आफ्रिकेचेच अभ्यासक म्हणून ओळखले जात होते.

त्यांच्या विचाराला वळण नेमके कुठे मिळाले, हे मला घानाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून तिथे थोडे थांबतो. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत वसाहतवादाचे जोखड फेकणाऱ्या पहिल्या देशांपैकी तो एक, आणि क्वामे एन्क्रुमा हे त्याचे लोकप्रिय नेते. देशाजवळ झेंडा होता, संसद होती, उत्साह तर होताच. शिवाय जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक म्हणून पैशाचाही आधार होता. पण चॉकलेट तयार होत होते युरोप-अमेरिकेत आणि कोकोचा भाव ठरत होता लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात. साठच्या दशकाच्या मध्यावर तो भाव कोसळला, सरकारची तिजोरी आटली, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. त्या पतनाला एन्क्रुमांची एकाधिकारशाही आणि अंतर्गत कलह हीही कारणे होती, यात शंका नाही. तरीही प्रश्न उरतोच : राजकीय स्वातंत्र्य मिळाले, सत्तेवर आपली माणसे बसली, मग देशाचे भवितव्य दुसऱ्या खंडातल्या बाजाराने का ठरवावे?

त्या काळी अमेरिकन विद्यापीठांत याचे एक तयार उत्तर मिळत असे. प्रत्येक देश एकाच शिडीवर चढतो आहे. इंग्लंड-अमेरिका वरच्या पायरीवर आहेत, भारत-घाना खालच्या. खालच्यांनी शिक्षण, यंत्रे, शिस्त आणि लोकशाही आणली की तेही यथावकाश वर पोहोचतील, असे ते उत्तर होते. आधुनिकीकरणाचा सिद्धांत म्हणतात तो हाच. वॉलरस्टीन यांनीही आरंभी याच वाटेने जायचे ठरवले होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची वाटचाल समजण्यासाठी, सोळाव्या शतकात जेव्हा युरोपातली राष्ट्रे ‘नवी’ होती तेव्हा त्यांचे काय झाले ते पाहावे, असा त्यांचा बेत होता. ही तुलनाच मुळात चुकीची होती, पण सुदैवाने त्या चुकीतून चांगले निघाले, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. सोळाव्या शतकात शिरल्यावर त्यांना दिसले की इंग्लंड, हॉलंड, पोलंड आणि स्पेनची दक्षिण अमेरिकेतली वसाहत या वेगवेगळ्या शिड्यांवरच्या वेगवेगळ्या पायऱ्या नव्हत्याच. ते एकाच यंत्राचे भाग होते आणि एका भागाची गती दुसऱ्या भागाच्या स्थितीवर अवलंबून होती.

यासाठी पोलंडचे उदाहरण ते पुन्हा पुन्हा देतात. पश्चिम युरोपात शहरे वाढत होती आणि त्यांना धान्य हवे होते. ते पोलंडमधून नदीमार्गे ग्दान्स्क बंदरात आणि तिथून जहाजाने ॲमस्टरडॅमला जाई. आता शिडीच्या सिद्धांताप्रमाणे व्यापार वाढला म्हणजे पोलंड आधुनिक व्हायला हवा होता. झाले उलटेच. निर्यातीसाठी जास्त धान्य हवे म्हणून तिथल्या जमीनदारांनी कुळांना जमिनीशी अधिकच जखडले, आठवड्यातले कित्येक दिवस वेठीला धरले, आणि पश्चिमेकडे भूदासपद्धती ओसरत असताना पोलंडमध्ये ती घट्ट झाली. म्हणजे ॲमस्टरडॅममधला मोकळा मजूर आणि पोलंडमधला वेठबिगार हे दोन वेगवेगळ्या युगांतले लोक नव्हते. ते एकाच काळातले, एकाच बाजाराने जोडलेले होते, आणि एकाच्या मोकळेपणाला दुसऱ्याच्या वेठीने स्वस्त भाकरी पुरवली होती.

हे सारे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मॉडर्न वर्ल्ड-सिस्टम’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आले. दुसरा खंड १९८० मध्ये, तिसरा १९८९ मध्ये आणि चौथा थेट २०११ मध्ये निघाला. पुढचे खंड मनात असूनही लिहून झाले नाहीत. ग्रंथाचे सार असे सांगता येईल : साधारण १४५० ते १६४० या ‘लांब सोळाव्या शतकात’ युरोप आणि अमेरिका खंडाचा काही भाग मिळून एक अर्थव्यवस्था तयार झाली, जिच्यावर कोणा एका सम्राटाची सत्ता नव्हती. बाजार एक, राज्ये अनेक. हीच तिची ताकद, कारण भांडवलाला एका राज्याने अडवले तर ते दुसऱ्या राज्यात जाऊ शकत होते. या व्यवस्थेत कामाची वाटणी तीन थरांत झाली. जिथे जास्त नफ्याचे, कौशल्याचे, भांडवलाचे काम चालते ते केंद्र. जिथे कच्चा माल आणि स्वस्त श्रम ते परिघ. आणि मधला, थोडे इकडचे थोडे तिकडचे करणारा तो अर्ध-परिघ.

इथे शब्दाविषयी एक खुलासा. इंग्रजीत पहिल्या थराला ते ‘कोअर’ म्हणतात. पण कोल्हापुरात हा शब्द उच्चारला की शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे फाउंड्रीतला कोअर येतो, म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा तो आकार, जो लोखंड थंड झाल्यावर ठोकून काढतात आणि ज्याच्या जागी पोकळी उरते. वॉलरस्टीन यांना अभिप्रेत असलेला कोअर पोकळ नाही, चांगलाच भरलेला आहे. म्हणून या लेखात ‘केंद्र’ हाच शब्द बरा.

आणि फाउंड्रीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या सिद्धांताविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की केंद्र म्हणजे श्रीमंत देश, परिघ म्हणजे गरीब देश आणि पुढे नकाशा रंगवला की काम झाले. वॉलरस्टीन तसे म्हणत नाहीत. केंद्र आणि परिघ ही मुळात कामांची, उत्पादन-प्रक्रियांची नावे आहेत. ज्या कामात स्पर्धक मोजके, त्यात मक्तेदारीचा नफा असतो आणि ते काम केंद्राचे. ज्या कामात कोणीही शिरू शकतो, तिथे एकमेकांचे दर पाडण्याची चढाओढ असते आणि ते परिघाचे. एखाद्या देशात पहिल्या प्रकारची कामे एकवटली की त्याला आपण सोयीसाठी केंद्रातला देश म्हणतो. हे मला पुस्तकातून जेवढे कळले नव्हते तेवढे शिरोलीतल्या एका कारखानदाराच्या तोंडून कळले. परदेशी गाडीत बसणारा एक सुटा भाग टेबलावर ठेवून ते म्हणाले, “सर, कास्टिंग आमचं, ड्रॉइंग त्यांचं. आमचा दर पाडायला शेजारच्या शेडमधलाच बसलाय. त्यांचं ड्रॉइंग मात्र दुसऱ्या कुणाकडं नाही.” त्यांनी वॉलरस्टीन वाचलेले नाहीत. पण कास्टिंगवर मशीनिंगही आपल्याकडेच करायचे, म्हणजे चार पैसे जास्त सुटतात, ही त्यांची धडपड म्हणजे अर्ध-परिघातून वर सरकण्याची धडपडच आहे.

वॉलरस्टीन आणि त्यांचे सहकारी टेरेन्स हॉपकिन्स यांनी १९७७ मध्ये अशा जोडकामांसाठी ‘वस्तू-साखळी’ ही कल्पना मांडली. कोणतीही तयार वस्तू घ्यावी, उलट्या दिशेने तिच्या एकेका कडीपर्यंत जावे आणि प्रत्येक कडीवर किती पैसा थांबतो ते पाहावे. आपल्या कोल्हापुरी चपलेला हे लावून पाहण्यासारखे आहे. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडे कमावणारे हात, तळ शिवणारे, कान लावणारे, वेणी घालणारे हात, चप्पल लाइनीतला दुकानदार, मग मुंबई-दिल्लीचा व्यापारी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी. पुढे जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, त्यांच्या लाखाच्या घरातल्या किमतीच्या बातम्या आल्या आणि इथे संताप उसळल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. बहुतेक चर्चा ‘त्यांनी आपले चोरले’ या मुद्द्यावर झाली. वॉलरस्टीन यांचा प्रश्न निराळा असता : घडण तशीच, तर किमतीतला एवढा फरक कोणत्या कडीवर जमा होतो? तो नावावर जमा होतो, कारण वेणी घालणारे अनेक आहेत आणि ते नाव एकच आहे.

हिंदुस्थान या व्यवस्थेत कधी ओढला गेला, याची चर्चा तिसऱ्या खंडात आहे, आणि माझ्या मते मराठी वाचकाने तेवढा भाग तरी वाचावा. त्यांच्या मांडणीनुसार त्याआधी इथला मसाला आणि तलम कापड युरोपला जात होते, बदल्यात चांदी येत होती, पण या व्यापाराने इथल्या शेतीची घडी बदलत नव्हती. साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत ती बदलली : नीळ, अफू, कच्चे रेशीम, कापूस यांची लागवड बाहेरच्या बाजारासाठी होऊ लागली. ऑटोमन साम्राज्य, रशिया आणि पश्चिम आफ्रिका यांनाही याच काळात याच व्यवस्थेने आत ओढले, असे ते दाखवतात. आपण शाळेत हीच शंभर वर्षे पानिपत, खडकीची लढाई आणि पेशवाईचा अस्त अशी शिकतो. दोन्ही वाचने एकमेकांना खोडत नाहीत, परंतु दुसरे वाचल्यावर पहिले पूर्वीसारखे राहत नाही.

त्याचे परिणाम पुढे किती जवळ येऊन ठेपले ते पाहा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव पडले. त्यात सरकारने सारा वाढवला, सावकारांनी हात आखडते घेतले, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. सुप्याच्या आगीला इतरही कारणे होती, पण तिच्यातला एक निखारा अमेरिकेतून आलेला होता.

आपल्या संस्थानाकडेही या नजरेने पाहता येते. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, १९०६ मध्ये सूतगिरणी उभारली आणि मग राधानगरीचे धरण हाती घेतले. कच्चा माल नुसता बाहेर पाठवण्यापेक्षा इथेच बाजार, इथेच गिरणी आणि इथेच पाणी असावे, असा हा प्रयत्न होता. परराष्ट्र धोरणाचा अधिकार नसलेल्या, डोक्यावर इंग्रजी सत्ता असलेल्या संस्थानाला यात किती पुढे जाता आले असते, हा प्रश्न निराळा. वॉलरस्टीन यांचे उत्तर बहुधा निराशाजनकच असते, कारण परिघातून वर चढायला बळकट राज्यसत्ता लागते आणि व्यवस्था परिघाला नेमकी तीच मिळू देत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

देशांच्या चढउताराविषयी त्यांनी जे लिहिले ते सर्वाधिक गाजले. निर्विवाद वर्चस्व आजवर तीनदाच दिसले आणि तेही थोड्याच काळापुरते : हॉलंड १६२५ ते १६७२, ब्रिटन १८१५ ते १८७३ आणि अमेरिका १९४५ ते १९६७. आधी उत्पादनात, मग व्यापारात, मग वित्तव्यवहारात आघाडी मिळते आणि त्याच क्रमाने ती जाते. अमेरिकेची घसरण सुरू झाली आहे, हे त्यांनी १९८० मध्येच लिहिले, तेव्हा आणि विशेषतः सोव्हिएत संघ कोसळल्यावर अनेकांना ते हास्यास्पद वाटले होते. १९८९-९१ हा अमेरिकेचा विजय नसून तिच्या आधाराचा अंत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शत्रूच उरला नाही तर मित्रांना मुठीत ठेवायचे कशाच्या धाकाने? मात्र त्यांचे सगळेच अंदाज बरोबर आले असे नाही. जपानला त्यांनी दिलेली भावी भूमिका जपानने काही वठवली नाही.

१९६८ हे वर्ष त्यांच्या लेखनात वारंवार येते, आणि ते त्यांनी ऐकून लिहिलेले नाही. त्या वर्षी कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा विद्यार्थी आणि प्रशासन यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या प्राध्यापकांत ते होते. पॅरिस, प्राग, मेक्सिको सगळीकडे पेटलेल्या त्या वर्षाला ते जागतिक क्रांती म्हणतात. सत्ता कुठेच बदलली नाही, तरी ‘आधी सत्ता मिळवा, मग समाज बदलेल’ या समाजवादी, कम्युनिस्ट आणि राष्ट्रीय चळवळींच्या आश्वासनावरचा विश्वास त्या वर्षी उडाला, असे त्यांचे मत होते. पुढे १९७१ मध्ये ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले आणि १९७६ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला राहिले. तिथे त्यांनी फर्नांड ब्रॉदेल या फ्रेंच इतिहासकाराच्या नावाने संशोधन केंद्र चालवले. घटनांच्या फेसाखालचे संथ, दीर्घ प्रवाह पाहायचे, हे त्यांनी ब्रॉदेल यांच्याकडून घेतले होते. १९९४ ते १९९८ या काळात ते आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते.

टीकाकारांनी त्यांना सोडले नाही, आणि त्यांच्या काही आक्षेपांत वजन आहे. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट ब्रेनर यांनी १९७७ मध्ये दाखवले की पोलंडची वेठ केवळ व्यापाराने समजत नाही; धान्याची मागणी सगळीकडेच होती, पण जिथे शेतकऱ्यांचे गाव जमीनदाराशी भिडण्याइतके संघटित नव्हते तिथेच वेठ लादता आली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ थेडा स्कॉचपोल यांनी त्याच वर्षी विचारले की केंद्रात बळकट राज्यसत्ता असते म्हणता, मग त्या काळच्या हॉलंडची राज्यसत्ता फ्रान्स-स्पेनपेक्षा दुबळी का? आणि वॉलरस्टीन यांचे जुने सहप्रवासी, अर्थतज्ज्ञ आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९९८ मध्ये म्हटले की १८०० पर्यंत जगाचे केंद्र आशियातच होते, युरोपने तिथे अमेरिकेच्या चांदीने नुसते तिकीट काढले. मला ब्रेनर यांचा आक्षेप सर्वांत खरा वाटतो, कारण तो आपल्या जिल्ह्यात रोज दिसतो : साखरेचा जागतिक भाव तोच असताना शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरली की बिलात फरक पडतो. बाजार चौकट ठरवतो, पण चौकटीच्या आत कोण किती संघटित आहे त्यावरही पुष्कळ ठरते.

उतारवयात त्यांनी एक वेगळाच नेम धरला. १ ऑक्टोबर १९९८ पासून दर महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तारखेला जगाच्या घडामोडींवर एक छोटे टिपण लिहायचे, पण त्या दिवसाच्या मथळ्यांकडे दूरच्या काळाच्या नजरेने पाहायचे, असा तो नेम. हा क्रम वीस वर्षांहून अधिक काळ चालला. ही टिपणे तळटिपांवाचून आहेत, वाक्येही सरळ आहेत. ज्यांना त्यांचे जाड खंड पेलत नाहीत त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही. त्यांचा शेवटचा आग्रह असा होता की ही पाचशे वर्षांची व्यवस्था आता तिच्याच ओझ्याने डळमळली आहे, ती या शतकात टिकणार नाही, परंतु तिच्या जागी येणारी व्यवस्था जास्त न्यायाची असेल की जास्त अन्यायाची, हे कोणत्याही शास्त्राला सांगता येणार नाही.

पाचशेवे टिपण १ जुलै २०१९ रोजी आले, आणि हे शेवटचे, असे त्यांनी त्यातच लिहिले. खरा बदल घडण्याची शक्यता त्यात त्यांनी निम्मी-निम्मी धरली होती. त्यानंतर दोन महिन्यांनी, ३१ ऑगस्टला, वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले.